गाडीच्या पाठीवरचा देश वाचता आला पाहिजे

जर्मनीत फ्रँकफुर्टला नोंदवलेल्या गाडीचा क्रमांक 'एफ' या अक्षरानं सुरू होतो. स्टुटगार्टचा 'एस'नं, हानोफरचा 'एच'नं, लाइपझिगचा 'एल'नं आणि बर्लिनचा 'बी'नं. हीच पाच रोमन अक्षरं देशांचीही आहेत. एफ म्हणजे फ्रान्स, एस म्हणजे स्वीडन, एच हंगेरी, एल लक्झेंबर्ग, बी बेल्जियम. तरी फ्रँकफुर्टच्या गाडीला कुणी फ्रान्सची समजत नसे, याचं श्रेय एका साध्या आकाराला आहे. देशाचं अक्षर पांढऱ्या लंबगोलात, काळ्या रंगात, क्रमांकाच्या पाटीपासून वेगळं आणि गाडीच्या मागच्या बाजूला लावायचं, असा जुना नियम. लंबगोलात असेल ते अक्षर देशाचं, बाहेर असेल ते क्रमांकाचं. भाषा येवो न येवो, हा भेद शाळकरी पोरालाही कळतो.

शंभराहून अधिक वर्षं चाललेली ही सोय आता मोडकळीला आली आहे. ती मोडायची असं कुणी ठरवलेलं नाही, म्हणूनच तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. देशाचं चिन्ह नंबरप्लेटच्या कडेला सरकलं, तिथे झेंड्याला आणि ताऱ्यांना जागा द्यावी लागली, आणि अक्षरं आक्रसत गेली. हे चिन्ह वाचण्यासाठी आहे. सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक गाडीवर ते रस्त्यावरच्या माणसाला पुरेशा अंतरावरून वाचता आलंच पाहिजे, आणि पाटीवर झेंडा बसवायचा की अक्षर मोठं करायचं असा पेच आला तर दर वेळी अक्षराच्या बाजूनं निकाल लागला पाहिजे.

आधी मापं पाहू, कारण सगळा प्रश्न मापांचाच आहे. ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिसमध्ये मोटारींच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा पहिला करार झाला. त्यात ठरलेला लंबगोल ३० सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर उंच होता. आत एक किंवा दोन अक्षरं, प्रत्येक अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, रेघेची जाडी दीड सेंटिमीटर. १९४९च्या जिनिव्हा करारानं अक्षर ८ सेंटिमीटरवर आणि रेघ एक सेंटिमीटरवर आणली. अक्षरं तीनपर्यंत चालतील असं ठरलं. तीन अक्षरांना किमान २४ बाय साडेचौदा सेंटिमीटरचा लंबगोल, आणि अक्षरं तीनहून कमी असतील तर साडेसतरा बाय साडेअकराचा. १९६८च्या व्हिएन्ना करारानं हीच मापं पुढे चालवली. म्हणजे साठ वर्षांत अक्षर दहावरून आठावर आलं. इथवर तक्रारीला जागा नव्हती.

नोव्हेंबर १९९८मध्ये युरोपीय संघानं एक नियम केला. पाटीच्या डाव्या टोकाला निळी पट्टी, तिच्यात वर बारा पिवळे तारे आणि खाली देशाचं अक्षर, अशी पाटी असेल तर संघाच्या हद्दीत वेगळा लंबगोल मागायचा नाही. पुढे २००६मध्ये व्हिएन्ना कराराच्या परिशिष्टातही दुरुस्ती झाली, आणि पाटीतच सामावलेलं चिन्ह त्या करारातल्या सगळ्या देशांना मान्य झालं. संघाच्या नियमात या पट्टीतल्या अक्षराची किमान उंची आहे २० मिलिमीटर. आठ सेंटिमीटरवरून थेट दोन.

या दोन सेंटिमीटरचा अर्थ रस्त्यावर काय होतो ते पाहा. निरोगी डोळ्याला अक्षर ओळखता यायचं तर त्या अक्षरानं डोळ्याशी निदान पाच मिनिटांचा कोन करायला लागतो. हे मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. दृष्टी तपासण्याचा तक्ता याच हिशेबावर बेतलेला असतो. त्या हिशेबानं ८ सेंटिमीटरचं अक्षर सुमारे ५५ मीटरवरून वाचता येतं आणि २ सेंटिमीटरचं सुमारे १४ मीटरवरून. हेही उत्तम दृष्टी, भरपूर उजेड, स्वच्छ पाटी आणि स्थिर गाडी असेल तर. ताशी ९० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी सेकंदाला २५ मीटर कापते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाजवळून ती पुढे निघून गेली की मागचं दोन सेंटिमीटरचं अक्षर त्याला अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त काळ वाचण्याजोगं राहतं. त्यावर पाऊस, चिखल, मागच्या दिव्यांची झळाळी.

त्याच पाटीवरचे क्रमांकाचे आकडे मात्र मोठे असतात. जर्मन पाटीवर ते ७५ मिलिमीटर उंच आहेत, आणि उजेडात, स्वच्छ हवेत नोंदणी क्रमांक निदान ४० मीटरवरून वाचता यावा असं व्हिएन्ना करारच सांगतो. म्हणजे एकाच पाटीचा एक भाग ४० मीटरवरून वाचायचा आणि दुसरा १४ मीटरवरून. त्या मधल्या टप्प्यात क्रमांक कळतो, पण तो कुठल्या देशाचा ते कळत नाही. मग फ्रँकफुर्टचा 'एफ' पुन्हा डोकं वर काढतो.

पट्टी जवळून पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. तिची रुंदी ४० ते ५० मिलिमीटर. ताऱ्यांचे मध्यबिंदू १५ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर बसवायचे आणि प्रत्येक तारा ४ ते ५ मिलिमीटरचा, म्हणजे ताऱ्यांचं कडं जवळपास ३५ मिलिमीटर व्यासाचं होतं. त्याखालचं अक्षर २० मिलिमीटर. सजावट साडेतीन सेंटिमीटरची आणि माहिती दोन सेंटिमीटरची. रेघेची जाडी ४ ते ५ मिलिमीटर ठेवायची असल्यामुळे ए, बी, आर अशा अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा जेमतेम दोन-चार मिलिमीटर उरते, आणि महिनाभराच्या धुळीनं ती बुजते. एस्टोनिया, स्लोव्हेनिया, आयर्लंड यांची तीन अक्षरं त्या पन्नास मिलिमीटरांत दाटीवाटीनं बसतात. जर्मनीचा एकटा 'डी' त्या मानानं ऐसपैस. पट्टीची उंची किमान ९८ मिलिमीटर असते. तारे निम्मे केले तर अक्षर ४० मिलिमीटरचं करता येतं, आणि तेवढ्यानं वाचण्याचं अंतर २७ मीटरवर जातं.

आता हे सगळं कॅमेरे वाचतातच की, माणसाच्या डोळ्याची चिंता कशाला, असा आक्षेप येतो. टोलनाक्यावरचा कॅमेरा वाचतो हे खरं. पण त्याचंही एक दुखणं आहे. पट्टीतलं बारीक अक्षर त्यालाही नीट सापडत नाही, म्हणून पुष्कळदा क्रमांकाची रचना, अक्षरांचं वळण आणि मधल्या जागा पाहून देशाचा अंदाज बांधावा लागतो. सारख्या रचनेचे क्रमांक दोन देशांत असले की अंदाज चुकतो आणि दंडाची नोटीस भलत्याच माणसाच्या दारात जाते. आणि मुख्य म्हणजे जिथे धडक होते तिथे बहुतेकदा कॅमेरा नसतो. तिथे असतो तो शेतावरून घरी निघालेला सायकलस्वार, थांब्यावर उभी असलेली बाई, मागून येणारा ट्रकचालक. धडक देऊन पळालेल्या गाडीचा देश सांगायचा तो त्यांनी. नोंदणी क्रमांक त्या त्या देशापुरताच एकमेव असतो. देश हरवला की तोच क्रमांक चार देशांच्या नोंदवह्यांत धुंडाळत बसावं लागतं.

विम्याची गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे. १९५३पासून चालत आलेल्या ग्रीन कार्ड व्यवस्थेत परदेशी गाडीनं केलेल्या नुकसानीची भरपाई त्याच देशातल्या कार्यालयाकडून मिळते, आणि ते कार्यालय नंतर गाडीच्या मूळ देशाकडून पैसे वसूल करतं. गाडी मुळात कुठली हे पाहायला पहिला आधार नंबरप्लेटचा. कार्डावर देशांचे छोटे चौकोन असतात आणि त्यांत हीच वाहनांची अक्षरं छापलेली असतात. जिथे विमा लागू नाही तो चौकोन खोडलेला असतो. जखमी माणसाच्या हाती पैसे कधी पडतील हे अखेर त्या एक-दोन अक्षरांवर येऊन ठेपतं. त्यांना चौदा मीटरच्या आत कोंडणं हा निव्वळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही.

झेंडा पाटीवर आला की आणखी एक गोष्ट मागोमाग येते, ती म्हणजे भांडण. कोसोव्हो आणि सर्बियाच्या सीमेवर ऑक्टोबर २०२१पासून चालकांना आपापल्या पाटीवरची राष्ट्रीय चिन्हं आणि देशाची अक्षरं पांढऱ्या स्टिकरनं झाकून पलीकडे जावं लागायचं. हा प्रकार २०२४च्या सुरुवातीला संपला. तोवर दोन वर्षांहून अधिक काळ, जे वाचण्यासाठी लावलेलं तेच झाकून गाड्या धावत होत्या. सुट्या लंबगोलाबद्दलही वाद झाले असतेच, त्यानं राजकारण मिटत नाही. पण नोंदणीची पाटी हे सरकारी कागदपत्रासारखं असतं, आणि तिच्यावर राजचिन्ह छापलं की प्रत्येक गाडी वादाचा पक्षकार होते. स्वित्झर्लंडची मागची पाटी याचं दुसरं टोक दाखवते. तिच्यावर देशाची ढाल आहे, कँटनची, म्हणजे तिथल्या घटक राज्याची ढाल आहे, पण देशाचं अक्षर नाही. म्हणून परदेशी जाताना स्विस गाडीला 'सीएच' हा लंबगोल वेगळा लावावाच लागतो. ढाली कितीही देखण्या असल्या तरी त्यांनी अक्षराचं काम होत नाही, हे त्या व्यवस्थेत निदान गृहीत धरलेलं आहे. ही दोन अक्षरंही विचारपूर्वक निवडलेली आहेत. चार राष्ट्रभाषांपैकी कुणालाच झुकतं माप नको म्हणून ती लॅटिन नावावरून घेतली.

भारतीय पाटीबद्दलही एक गैरसमज आहे. १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना सक्तीच्या झालेल्या उच्च सुरक्षा पाटीवर डावीकडे अशोकचक्राचा २० बाय २० मिलिमीटरचा होलोग्राम आणि त्याखाली निळसर 'आयएनडी' अशी अक्षरं असतात. ती पाहून अनेकांना वाटतं की आता परदेशी रस्त्यावर वेगळं काही लावायला नको. त्या अक्षरांचा हेतू बनावट पाट्यांना आळा घालणं हा आहे. भारत १९४९च्या जिनिव्हा करारात आहे, आणि त्या करारातलं चिन्ह म्हणजे ८ सेंटिमीटरच्या काळ्या अक्षरांचा पांढरा लंबगोल. निळी बारीक अक्षरं त्या मापात कुठेच बसत नाहीत.

दुसरा वाद अक्षरं कोणती असावीत याचा. सगळीकडे संगणकी कामात वापरतात ते दोन अक्षरी आंतरराष्ट्रीय देशसंकेत गाड्यांवरही लावून एकवाक्यता का आणू नये, अशी सूचना वरचेवर होते. ऐकायला ती रास्त वाटते, पण तपशिलात शिरलं की तिच्यातला धोका दिसतो. ते संकेत पहिल्यांदा १९७४मध्ये प्रसिद्ध झाले. गाड्यांची अक्षरं त्याआधी साठ-पासष्ट वर्षं रुळलेली होती. 'सीएल' हे गाड्यांवर श्रीलंकेचं चिन्ह आहे, जुन्या सिलोन नावावरून आलेलं, आणि संगणकी यादीत तेच चिलीचं. 'ईटी' गाडीवर असेल तर इजिप्त, यादीत असेल तर इथिओपिया. 'एलबी' गाडीवर लायबेरिया, यादीत लेबनॉन. एका रात्रीत सगळ्या जगाच्या गाड्या बदलता येत नाहीत. बदलाच्या त्या दहा-पंधरा वर्षांत एकाच अक्षरांच्या दोन गाड्या दोन वेगळ्या देशांच्या असतील आणि पाहणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नसेल. शिवाय एक अक्षरी चिन्हांचा मोठा गुण हातचा जाईल. तेवढ्याच जागेत एकच अक्षर काढायचं असलं की ते रुंद, ठसठशीत काढता येतं. इटलीचा 'आय' आणि जपानचा 'जे' घालवून तिथे दोन चिंचोळी अक्षरं आणण्यानं कुणाचं भलं होणार?

जुनी अक्षरं काही ठिकाणी बोचतात, हे मान्य करायलाच हवं. केनियाचं 'ईएके' म्हणजे पूर्व आफ्रिका केनिया आणि नायजेरियाचं 'डब्ल्यूएएन' म्हणजे पश्चिम आफ्रिका नायजेरिया, ही ब्रिटिश वसाहतींच्या काळातली शिल्लक आहे. दक्षिण आफ्रिकेचं 'झेडए' डच नावावरून आलं. एखाद्या देशाला हे ओझं उतरवायचं असेल तर तो त्याचा हक्क आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवून तसं करता येतं. फिनलंडनं १९९३मध्ये 'एसएफ' सोडून 'एफआयएन' घेतलं. उत्तर मॅसिडोनियाचं उदाहरण फार बोलकं आहे. ग्रीसबरोबर २०१८मध्ये झालेल्या प्रेस्पा करारात नाव बदललं तरी 'एमके' हा संकेत इतर सगळ्या कामांसाठी कायम राहिला. बदलला तो फक्त गाड्यांच्या पाट्यांवर. सगळे संकेत सोडून दोन देशांनी नेमक्या गाडीच्या पाठीवरच्या अक्षरांवर तोडगा काढला, यावरूनच त्या अक्षरांना लोक किती मानतात ते दिसतं.

हक्क आहे म्हणून घाई करावी असं मात्र नाही. ब्रिटननं २०२१च्या उन्हाळ्यात 'जीबी' ऐवजी 'यूके' जाहीर केलं आणि २८ सप्टेंबरपासून ते लागू झालं. कारण योग्यच होतं. ग्रेट ब्रिटनमध्ये उत्तर आयर्लंड येत नाही. पण सुमारे शंभर वर्षं जगाच्या ओळखीचं झालेलं चिन्ह काही आठवड्यांत परदेशात बाद झालं. चालकांना जुने स्टिकर काढा किंवा झाका असं सांगण्यात आलं. स्पेन, सायप्रस आणि माल्टा इथे तर पाटीवर काहीही असलं तरी वेगळा 'यूके' स्टिकर लावण्याची सूचना होती. असा बदल करताना जुनं आणि नवं चिन्ह निदान पाच वर्षं दोन्ही चालावीत. तेवढ्या काळात बहुतेक जुने स्टिकर आपोआप फिके पडून निघून जातात आणि शेजारी देशांच्या पोलिसांच्या नजरेलाही नवं चिन्ह सवयीचं होतं.

नियम कितीही चांगला असला तरी लंबगोल चुकीच्या जागी लावला तर उपयोग शून्य. ज्यांना तो लावायचा आहे त्यांच्यासाठी हा भाग जरा सविस्तर. सर्वांत मोठी चूक मागच्या काचेची. करार सांगतो की चिन्ह उभ्या किंवा जवळजवळ उभ्या पृष्ठभागावर असावं. आजच्या गाड्यांची मागची काच उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत कललेली असू शकते. तितक्या कललेल्या काचेवर ८ सेंटिमीटरचं अक्षर मागून पाहणाऱ्याला ४ सेंटिमीटरचंच दिसतं. काच गडद असेल आणि स्टिकर आतून लावला असेल तर काळं अक्षर आणि पांढरी पार्श्वभूमी दोन्ही काळवंडतात. वर आतल्या बाजूला काच तापवणाऱ्या बारीक तारा असतात. स्टिकर पातं घालून खरवडला तर त्या तुटतात. जागा शोधायची ती डिकीच्या दाराच्या उभ्या भागावर किंवा बंपरच्या सपाट पट्टीवर, क्रमांकाच्या पाटीपासून इतकी दूर की अक्षर क्रमांकाचाच भाग वाटू नये.

चुंबकी पाटी सोयीची, काढता-घालता येते. पण ती फक्त पोलादी पत्र्याला धरते. पुष्कळ गाड्यांची डिकीची दारं हल्ली ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची असतात, तेव्हा आधी साधा चुंबक लावून पाहावा. पत्रा वक्र असेल तर पाटीची कड सुटते, खाली वारा शिरतो आणि हमरस्त्यावर ती उडून मागच्या गाडीवर जाते. खाली अडकलेली वाळू रंगावर चरे पाडते, म्हणून आठवड्यातून एकदा काढून दोन्ही बाजू पुसाव्यात. चिकटणारा स्टिकर लावताना पत्रा साबणाच्या पाण्यानं धुऊन, कोरडा करून, वर स्पिरिटचा बोळा फिरवावा. मेण किंवा पॉलिशचा थर राहिला की स्टिकर पहिल्याच पावसात सुटतो. पत्रा फार थंड किंवा उन्हानं तापलेला नसावा. मधून कडेकडे दाबत जावं म्हणजे बुडबुडे राहत नाहीत, आणि नंतर दिवसभर धुऊ नये. काढताना केस वाळवायच्या यंत्रानं कोमट करून एका कोपऱ्यातून सावकाश ओढला की रंग शाबूत राहतो.

सायकल टांगायचा सांगाडा मागे जोडला की पाटी, दिवे आणि लंबगोल तिन्ही झाकले जातात. दिवे आणि पाटी सांगाड्यावर पुन्हा लावायची आठवण सगळ्यांना असते, चिन्हाची नसते. ट्रेलरचंही तसंच. पुढच्या गाडीवरचं चिन्ह ट्रेलरमागे दिसतच नाही, आणि ट्रेलरवर स्वतःचं चिन्ह असलंच पाहिजे असं करार स्पष्ट सांगतो. ट्रेलर दुसऱ्या देशात नोंदवलेला असेल तर त्यावर त्या देशाचं.

इथेच एक मुद्दा ठासून सांगायला हवा. हे चिन्ह गाडीची नोंदणी कुठे झाली ते दाखवतं. चालवणाऱ्याचं नागरिकत्व, त्याचं माहेर, त्याचा अभिमान यांचा इथे संबंध नाही. परदेशात स्थायिक झालेले लोक तिथे नोंदवलेल्या गाडीवर मायदेशाच्या अक्षरांचा लंबगोल प्रेमानं लावतात. भावना समजते, पण त्या गाडीबाबत साक्षीदाराला आपण खोटी माहिती देत आहोत हे त्यांच्या ध्यानात येत नाही. बेटांची, किनाऱ्यांची, शाळा-महाविद्यालयांची आद्याक्षरं घातलेले पांढरे लंबगोल स्मरणवस्तू म्हणून विकले जातात, त्यांचाही परिणाम तोच. लंबगोल म्हणजे देश, ही डोळ्याला लागलेली सवय त्यानं सुटते. त्या प्रेमासाठी चौकोनी स्टिकर आहेत, गोल आहेत, कुठलाही रंग आहे. पांढऱ्या लंबगोलातली काळी अक्षरं तेवढी सोडावीत.

परदेशी गाडी चटकन ओळखू आली की चोरांचंही काम सोपं होतं, हा आक्षेप मात्र खरा आहे. परक्या मुलखातली, सामानानं भरलेली गाडी ते हेरतात. पण पार्किंगमध्ये उभ्या गाडीची पाटी चोर दोन मीटरवरून पाहतो. त्याला दोन सेंटिमीटरचं अक्षर पुरेसं आहे. बारीक अक्षरानं अडतं ते फक्त दूर उभ्या असलेल्या साक्षीदाराचं.

व्हिएन्ना कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात पुढची दुरुस्ती होईल तेव्हा तीन गोष्टी मागायला हव्यात. पाटीत सामावलेल्या देशाच्या अक्षराची किमान उंची ४० मिलिमीटर. झेंडा किंवा बोधचिन्ह ऐच्छिक आहेच, ते लावलं तर अक्षराहून मोठं नसावं. आणि पाटीतल्या अक्षराभोवतीही पांढऱ्या लंबगोलाची चौकट, म्हणजे क्रमांकाच्या अक्षरांपासून ते लगेच वेगळं दिसेल. पाट्या बनवणाऱ्यांना यासाठी नवा साचा लागेल, पण तो फक्त नव्या पाट्यांना. जुन्या पाट्यांच्या गाड्यांनी सीमेपलीकडे जाताना साडेसतरा बाय साडेअकरा सेंटिमीटरचा लंबगोल लावावा, आणि ज्यांच्या देशाची अक्षरं तीन आहेत त्यांनी चोवीस बाय साडेचौदाचा.